शेळीनं शेंडा खाल्लेलं झाडच का फुटलं?

वाचकाचं पत्र

माझं माहेर तासगावचं, सासर औसा तालुक्यातलं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही १५ बाय १५ फुटांवर केसर आंब्याची ६० कलमं लावली. ठिबक आहे, झाडं जगली आहेत. पण बहुतेक झाडं काठीसारखी सरळ सात-आठ फूट वर गेली आणि पानं फक्त टोकाला. काहींना बुडाजवळून जोरदार फुटवे आलेत. दोन कलमं वरून वाळली आणि खालून फुटली. एका झाडाचा शेंडा पहिल्याच वर्षी शेळीनं खाल्ला होता, तेच आज सगळ्यांत भरगच्च दिसतं. माहेरी द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी बघत मोठी झाले, म्हणून मला वाटतं आंब्यालाही कात्री लावावी. सासरे म्हणतात, आंब्याला लोखंड लावत नसतात. कात्री आणून ठेवली आहे, पण हात धजत नाही. कुठे कापू, केव्हा कापू? फळ लांबेल का? विहिरीवर एक जुना रायवळ आहे, त्याचंही काही करायला हवं का?

उत्तर

ताई,

कापा. एक-दोन चांगले पाऊस झाले, जमिनीत ओल बसली की कापा. पण साठच्या साठ एकदम नको. आधी पाच झाडं निवडा, त्यांना फूट आलेली डोळ्यांनी बघा आणि मग बाकीच्यांना हात घाला. तीन-चार आठवड्यांत फूट दिसते, म्हणजे पावसाळा हातातून जात नाही. सासऱ्यांनाही ती पाच झाडं दाखवता येतील.

तुमच्या शेळीनं केलेली छाटणी आधी नीट समजून घ्या. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संजीवक तयार होतं. ते खोडातून खाली उतरत राहतं आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा शाबूत असेपर्यंत झाड उंच होत जातं, बाजूला फुटत नाही. शेंडा गेला की वरून येणारा हा अटकाव संपतो आणि झोपलेले डोळे जागे होतात. तुमची बाकीची झाडं काठीसारखी वाढली, त्यात तुमची किंवा रोपवाटिकेची काही चूक नाही. त्यांचा शेंडा कुणी मारलाच नाही, एवढंच.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते झटकून टाकू नका, कारण ज्या आंब्यांबद्दल ते बोलतात त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे. रायवळ कोयीतून येतो. बांधावर किंवा तीस-चाळीस फुटांवर मोकळा वाढतो. पहिली कित्येक वर्षं फळाचं नाव नसतं आणि तेवढ्या काळात खोड, फांद्या, डेरा हे सगळं तो स्वतःच उभं करतो. अशा झाडावर लोखंड चालायचं ते बहुधा सरपणासाठी. कोयत्यानं फांदी सोलून निघायची, जखम उघडी राहायची, तीतून भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शिरायची आणि चांगलं झाड वाळायचं. ‘लोखंड लावू नये’ हे त्यातून आलेलं शहाणपण आहे. कलमाची गोष्ट वेगळी. कलमाची काडी फळत्या झाडावरून काढलेली असते, म्हणजे ती आधीच वयात आलेली असते. म्हणून अंगात सांगाडा नसतानाच, पहिल्या-दुसऱ्या वर्षी ती मोहोर काढते. शिवाय १५ फुटांत रायवळासारखं पसरायला जागा नाही. या झाडाला सांगाडा आपणच घडवून द्यावा लागतो.

पण माहेरची पद्धतही इथे उचलून आणू नका. द्राक्षाची आणि आंब्याची फळ धरण्याची जागाच वेगळी आहे. द्राक्षात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत तुम्ही तो डोळा फोडता. छाटलं की घड बाहेर येतो. आंब्याचा मोहोर शेंड्याला येतो, तोही चार-पाच महिने जुन्या, पक्व झालेल्या शेंड्याला. फळत्या केसरवर ऑक्टोबरात कात्री चालवली तर डिसेंबर-जानेवारीचा मोहोर तुम्ही स्वतःच्या हातानं काढून टाकला असं समजा. म्हणून फळ देणाऱ्या आंब्याची छाटणी काढणी संपली की लगेच, जूनमध्ये, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत. त्यानंतर येणारी पालवी हिवाळ्यापर्यंत पक्व व्हायला तेवढा वेळ लागतोच.

मोहोर शेंड्याला येतो, हे एकदा मनात पक्कं बसलं की पहिल्या तीन वर्षांत काय करायचं ते आपोआप कळतं: शेंडे वाढवायचे. आज तुमच्या काठीसारख्या झाडाला एकच शेंडा आहे, म्हणजे मोहोराला एकच जागा. तो मारून तीन फांद्या राखल्या की तीन शेंडे. त्या प्रत्येकीचा शेंडा पुन्हा मारला की नऊ, आणि आणखी एकदा मारला की सत्तावीस. सासऱ्यांना हा हिशेब सांगून बघा. शेतकऱ्याला हिशेब पटतो.

आता कुठे कापायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आंबा सलग वाढत नाही, टप्प्याटप्प्यानं वाढतो. एक पालवी येते, लांबते, पक्व होते, थांबते. मग पुढची येते. पालवी जिथे थांबते तिथे पानांचा दाट झुबका असतो आणि त्या पानांच्या बेचक्यांत डोळेही दाटीनं असतात. दोन झुबक्यांच्या मधला भाग तुलनेनं मोकळा असतो, तिथे डोळे दूरदूर असतात. जुन्या खोडावर पानं गळून गेली तरी त्या जागी जवळजवळ वळ्या पडलेलं कडं दिसतं. बोटांनी चाचपून बघा, कळेल. कात्री या कड्याच्या वर लावली तर कड्यातले सगळे डोळे एकदम उठतात आणि एकाच जागेवरून पाच-सात फुटी येतात. कड्याच्या खाली, मोकळ्या भागात लावली तर फुटी कमी येतात, पण वेगवेगळ्या उंचीवरून येतात. आपल्याला त्याच हव्या आहेत.

तुमच्या शेळीनं नेमका वरचा कोवळा शेंडा खाल्ला असणार. त्या झाडाच्या फांद्या जिथून फुटल्या ती जागा बघा, सगळ्या एकाच ठिकाणाहून निघालेल्या असतील. आज ते भरगच्च दिसतं, पण एका बिंदूतून निघालेल्या, एकमेकींना चिकटून सरळ वर गेलेल्या फांद्यांच्या बेचक्यात साल आत दबली जाते आणि लाकूड एकजीव होत नाही. फळांचा भार आला, त्यात अवकाळीचा वारा सुटला की झाड बेचक्यातच उभं फाटतं. त्या झाडावर आत्ताच काम करा. वेगवेगळ्या दिशांच्या तीन दणकट फांद्या राखा आणि बाकीच्या मुळापासून काढा. राखलेल्या फार उभ्या असतील तर जुन्या ठिबक नळीची किंवा कापडाची रुंद पट्टी बांधून खुंटीला ताण द्या, खोडाशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन होईल इतकाच. नुसती सुतळी बांधू नका, ती सालीत रुतते.

काठीसारख्या झाडांचा शेंडा जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर, म्हणजे दोन-सव्वादोन फुटांवर मारायचा असतो. खरं तर हे लागवडीनंतर पहिल्याच वर्षी करायचं काम. तुमच्या झाडांवर त्या उंचीला आता तपकिरी, अंगठ्याएवढं जाड, बिनपानाचं खोड असेल. तिथे कापायला जीव धजणार नाही, हे मला कळतं. पण दोन वर्षांच्या आंब्याच्या लाकडात झोपलेले डोळे असतात आणि ओल मिळाली की ते फुटतात. दोन-सव्वादोन फुटांच्या आसपास कड्याखालचा मोकळा भाग शोधा आणि तिथे कापा. कलमाचा जोड कात्रीच्या किमान फूटभर खाली राहील, एवढं पाहा. त्या उंचीच्या खाली चार-दोन हिरवी पानं किंवा एखादी बारीक फांदी असेल तर ती मुळीच काढू नका. ती पानं झाडाला अन्न देत राहतात आणि फूट लवकर येते. पहिल्या पाचात अशीच पानं असलेली झाडं घ्या.

शेंड्याला तांबूस, लोंबती पालवी असेल तर थांबा. त्या वेळी झाडानं साठवलेलं सगळं त्या पालवीत घातलेलं असतं. पानं गर्द हिरवी, ताठ, हाताला जाडसर लागली की कात्री घ्या. नोव्हेंबर-जानेवारीच्या थंडीत लहान झाडाची छाटणी नको, फूट रखडते. एप्रिल-मेमध्ये तर नकोच. तुमच्याकडच्या उन्हात उघडं पडलेलं खोड भाजून साल तडकते.

कापल्यावर येणाऱ्या सगळ्या फुटी ठेवू नका. त्या बोटभर ते वीतभर झाल्या की निवड करा. तीन, जास्तीत जास्त चार राखा. एक एकीकडे, दुसरी दुसरीकडे, आणि दोन फुटींच्या उगमात उंचीनं चार-सहा इंचांचं अंतर. शक्य असेल तर एक फांदी नैर्ऋत्येला ठेवा, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हात खोडावर सावली राहील. बाकीच्या कोवळ्या असतानाच अंगठ्यानं मोडून टाका. त्याला कात्रीही लागत नाही आणि जखमही राहत नाही. हे काम लोक विसरतात. शेंडा मारून निघून जातात, वर्षानं येऊन बघतात तर तिथे केरसुणी झालेली असते.

या नव्या पालवीवर लक्ष ठेवा. जमिनीवर कात्रीनं कापल्यासारखी कोवळी पानं पडलेली दिसली तर ते पान कापणाऱ्या सोंड्याचं काम आहे. तो पानावर अंडी घालतो आणि पान देठाजवळ कापून खाली पाडतो. पडलेली पानं रोज वेचून जाळा, म्हणजे पुढची पिढीच तुटते. कोवळा शेंडा मान टाकून सुकला असेल तर आत शेंडा पोखरणारी अळी असते. सुकलेला भाग थोड्या चांगल्या लाकडासकट छाटून जाळा.

पुढची छाटणी तारखेवरून ठरवू नका. राखलेल्या फांद्या दोनेक फूट झाल्या आणि पालवी पक्व झाली की प्रत्येकीचा शेंडा पुन्हा तसाच, कड्याच्या खाली मारा. काही झाडं दसऱ्याच्या सुमाराला त्या अवस्थेत येतील, काही फेब्रुवारी-मार्चमध्ये. प्रत्येक फांदीवर दोन-तीन उपफांद्या राखायच्या, आत खोडाकडे वळलेल्या काढायच्या, मध्यभागी ऊन उतरेल असं ठेवायचं. असं तिसऱ्यांदा झालं की शेंडे मारणं थांबवा. सांगाडा तयार झाला. पुढे आयुष्यभर झाडाची उंची दोन ओळींमधल्या अंतराच्या वर जाऊ द्यायची नाही. तुमच्या बागेत दहा-बारा फूट पुरे. शिडीशिवाय फळ हाताला येतं आणि वाऱ्यातही झाड टिकतं.

फळ लांबेल का, याचं उत्तर: एखादं वर्ष हो, आणि लांबलेलंच बरं. पहिली तीन वर्षं मोहोर आला की तो बोटभर असतानाच काढून टाका. मोहोर आलेल्या शेंड्याची वाढ तिथेच थांबते, म्हणजे तो सांगाड्याच्या कामातून गेला. चौथ्या वर्षी झाडाचा जोर बघून मोजकी फळं धरा, पाचव्यापासून नीट बहर घ्या. या काळात कुणी कल्टार घालायचा सल्ला दिला तर ऐकू नका. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल वाढ रोखून मोहोर आणतं. ज्या झाडाला अजून वाढायचं आहे त्याला ते देणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे.

हत्यार म्हणून कोयता कधीही नको. करंगळीएवढ्या जाडीपर्यंत धारदार सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, त्यापुढे बारीक दात्यांची घडीची करवत. काप किंचित तिरपा, म्हणजे पाणी साचत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटनं पुसा. आंबा हा बिब्ब्याच्याच कुळातला. त्याचा चीक काहींच्या कातडीवर उततो, म्हणून पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि उघड्या अंगाला खोबरेल तेल. डोळ्याला हात लावू नका.

पेन्सिलीहून जाड प्रत्येक कापावर त्याच दिवशी बोर्डोपेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे त्याचं प्रमाण. तुम्हाला पहिल्या दिवशी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुष्कळ होईल. मोरचूद अर्ध्या पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा, चुना दुसऱ्या बादलीत उरलेल्या पाण्यात विझवून गार होऊ द्या, मग दोन्ही एकत्र करून ढवळा. लोखंडी भांडं वापरायचं नाही. स्वच्छ लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडी चुन्याची निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. सासऱ्यांना भिरुडीची जी भीती आहे तिच्यावरचा इलाज हाच. बोर्डोपेस्ट लावायचं काम त्यांनाच द्या असं मी सुचवेन. झाडाची काळजी त्यांना तुमच्याइतकीच आहे.

विहिरीवरच्या जुन्या रायवळाला मात्र त्यांचाच नियम लावा. आकार द्यायच्या भानगडीत पडू नका. फक्त वाळलेल्या फांद्या काढा आणि बांडगूळ असेल तर तेवढं. बांडगुळाची मुळी फांदीच्या आत उतरलेली असते, नुसतं वरून ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. जिथे ते चिकटलंय त्याच्या हातभर खालून फांदीच कापावी लागते, आणि तीही बांडगुळाची फळं पिकून पाखरांनी ती दुसऱ्या झाडांवर नेण्याआधी. जाड फांदी कापताना आधी खालच्या बाजूनं थोडा छेद घ्या, मग जरा पुढे वरून कापा, आणि उरलेला खुंट शेवटी काढा. असं केलं की फांदी पडताना खोडाची साल सोलत नाही. फांदीच्या बुडाशी जो फुगीर भाग असतो तो राखा. जखम तिथूनच भरते.

राहता राहिले बुडाजवळचे फुटवे. प्रत्येक झाडाचा कलमाचा जोड शोधा, तिथे खोडाची जाडी किंवा सालीचा पोत बदललेला दिसेल. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी अजून राहिली असेल तर ती आजच कापून काढा, ती खोडाचा गळा आवळते. जोडाच्या खालून आलेली प्रत्येक फूट रायवळ खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर केसर बांधला त्याची, आहे. ती जोमदार दिसते आणि तिला फांदी म्हणून राखायचा मोह होतो. राखली तर दोन-तीन वर्षांत खुंट वाढतो आणि वरचा केसर मरतो. कोवळी असताना खाली ओढून मुळासकट काढा.

मात्र वरून वाळलेली ती दोन कलमं याला अपवाद. त्यांची खालची एकेक जोमदार फूट राखा. तिला तांबूस पालवी आली की त्यावर मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या फुटीवर बांधायचं कलम, करता येतं आणि त्यासाठी काडी विकत आणायची गरज नाही. पहिल्या पाच झाडांतल्या एखाद्याचा शेंडा निरोगी आणि पक्व असेल तर कापायच्या आठ-दहा दिवस आधी त्याची पानं देठ ठेवून काढून टाका, म्हणजे टोकाचा डोळा फुगतो. मग तीच काडी कलमाला वापरा. पावसाळी दमट हवेत हे कलम चांगलं लागतं. गावात कलम बांधणारा माणूस सासऱ्यांच्या ओळखीचा असेल, त्याला त्या आठवड्यात बोलावून घ्या.